पार्थिव गावात येणार असेल तेव्हा कॅमेऱ्याचं काय करायचं

गावातला जवान कामी आल्याची बातमी येते, घरात आकांत सुरू होतो आणि बाहेर कुणीतरी एकजण उभा राहतो. कधी चुलतभाऊ, कधी शेजारचे गुरुजी, कधी माझ्यासारखा पेन्शनवर आलेला फौजी. तहसीलदारांचा फोन तोच घेतो, मांडवाचं तोच बघतो, लाकडं तोच सांगतो. पत्रकारांच्या गाड्या आल्या की सगळे बोट त्याच्याकडंच दाखवतात. त्या माणसाला वेळ नसतो आणि त्याला कुणी काही शिकवलेलं नसतं. हे त्याच्यासाठी लिहितोय. फोन हातात घेऊन गर्दीत उभ्या असलेल्या पोरांनीही वाचावं.

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीत असताना एस्कॉर्ट पार्टी, म्हणजे पार्थिवाबरोबर जाणारी जवानांची तुकडी, घेऊन दुसऱ्यांच्या गावी पार्थिव पोचवलं आहे. आता सातारा जिल्ह्यात माजी सैनिकांच्या कामात आहे, त्यामुळं तेच सगळं घराच्या बाजूनं बघतो.

माझं मत आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कशावर उभं आहे ते कळेल. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी लोकांनी बघितली पाहिजे. विमानातून उतरताना, रस्त्यानं येताना, खांद्यावर जाताना. पेटीच्या आत जे आहे ते फक्त घरच्यांचं. आणि बाहेरचंही किती दाखवायचं हे घरच्यांनी ठरवायचं. त्यात पहिला शब्द बायकोचा, लग्न झालेलं नसेल तर आईचा.

दाखवायचंच कशाला, असं विचारणाऱ्यांना

हा प्रश्न गावात हमखास येतो, आणि विचारणारे बहुतेक वेळा चांगले लोक असतात. त्यांना नीट उत्तर द्यावं.

आमच्या जिल्ह्यात अपशिंगे आहे. अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ते सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले. त्या काळी पार्थिव घरी पाठवायची पद्धतच नव्हती, गावात स्तंभ उभा राहिला. १९६२, १९६५, १९७१ लाही बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिकडंच आघाडीच्या जवळपास झाले. घरी तार यायची, मागाहून ट्रंक यायची. माझ्या आजोळी अशी एक काकी होती. गावानं सांगितलं, सरकारनं सांगितलं, पेन्शन सुरू झाली. तिनं कुंकू पुसलं नाही. बघितल्याशिवाय कसं मानू, म्हणायची. मी लहान होतो तेव्हापासून ती दारात बसलेली बघितली.

कारगिलच्या वेळी, १९९९ ला, हे बदललं. ५२७ जवान आणि अधिकारी कामी आले आणि पार्थिवं गावोगावी पोचवली गेली. लष्करानं एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे पहिल्यांदाच केलं. टीव्ही घरोघरी पोचलेला होता, देशानं ते बघितलं. त्याच डोंगरांवर पलीकडचे जे पडले ते नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई होते, पण पाकिस्ताननं हे आमचे सैनिकच नाहीत अशी भूमिका घेतली आणि कित्येकांना नेलंच नाही. आपल्या लोकांनी त्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे तिथंच दफन केलं. कॅप्टन कर्नल शेर खान (यातलं ‘कर्नल’ हे नावच, हुद्दा नव्हे) यांचा मृतदेह आपण परत दिला, नंतर त्यांच्या देशानं त्यांना निशान-ए-हैदर हा आपला सर्वोच्च शौर्य सन्मान दिला. शिपायांच्या आयांना काय मिळालं, याचा विचार मी फौजी म्हणून पुष्कळ वेळा केला आहे.

मेलेले लपवायची सवय एकट्या पाकिस्तानची नाही. रशियात २०१५ च्या मे महिन्यात फर्मान निघालं, की शांततेच्या काळातल्या खास मोहिमांमध्ये मेलेल्या सैनिकांची माहितीसुद्धा सरकारी गुपित. लडाखच्या गलवान खोऱ्यात १५ जून २०२० च्या रात्री चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० गेले. आपण आकडा आणि नावं लगेच सांगितली, पार्थिवं आपापल्या गावी गेली. चीननं स्वतःचे चार गेल्याचं सांगायला फेब्रुवारी २०२१ उजाडला, आणि आकड्यावर शंका घेणाऱ्या तिथल्या एका ब्लॉगरला आठ महिन्यांची शिक्षा झाली. अमेरिकेसारख्या देशातही १९९१ पासून २००९ पर्यंत डोव्हरच्या हवाई तळावर उतरणाऱ्या शवपेट्यांचे फोटो काढायला पत्रकारांना बंदी होती. कारण सांगितलं जायचं घरच्यांच्या खासगीपणाचं. पण त्याआधी, डिसेंबर १९८९ ला पनामातल्या कारवाईच्या वेळी, टीव्हीच्या अर्ध्या पडद्यावर शवपेट्या उतरत होत्या आणि अर्ध्यावर राष्ट्राध्यक्ष बुश पत्रकारांशी हसतखेळत बोलत होते, हे सगळ्या देशानं बघितलं होतं. २००४ मध्ये कुवेतहून निघालेल्या विमानातल्या पेट्यांच्या रांगेचा एक फोटो अमेरिकी वर्तमानपत्रात छापून आला. तो काढणारी बाई मालवाहतुकीच्या कामावर होती, तिची नोकरी गेली. त्या पेट्यांवर कुणाचं नावही नव्हतं.

शत्रूला आनंद होतो, पोरं भरतीला घाबरतील, असंही म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात कामी आले. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीत त्यांचा अंत्यविधी झाला तेव्हा माणूस मावत नव्हता. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईहून प्रशिक्षण पूर्ण करून लेफ्टनंट झाल्या. आमच्याकडं ज्या गावात पार्थिव येतं त्या गावची पोरं पुढच्या आठवड्यात पहाटे पुन्हा रस्त्यावर पळताना दिसतात. लोकांना खरं कळलं म्हणून फौज कमजोर झाली, असं मी तरी बघितलेलं नाही.

पहिले काही तास: घरात कळेपर्यंत बाहेर काही नको

खबर युनिटकडून येते. भावाला, वडिलांना, कधी पोलीस पाटलाकडं, कधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून. पुष्कळदा बायकोला लगेच सांगत नाहीत. ‘जखमी आहे, दवाखान्यात आहे’ असं सांगून तिला माहेरच्या माणसांत बसवतात. हे बरोबर की चूक यावर मी इथं बोलत नाही, पण हे होतं. आणि त्याच वेळी गावातल्या पोरांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर जवानाचा फोटो आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लागलेलं असतं. एका घरात बायकोनं आपल्याच नणंदेच्या मुलाच्या स्टेटसवर नवरा गेल्याचं वाचलं. ती ओरडली नाही. फोन खाली ठेवून चुलीवरचं दूध उतरवायला गेली, आणि मग भांडं हातातच धरून उभी राहिली. हे दुसऱ्या कुठल्या घरात होऊ नये.

म्हणून खबर मिळाल्याबरोबर पहिलं काम: गावातल्या मोठ्या ग्रुपच्या ॲडमिनना फोन करा. मेसेज टाकू नका, फोनच करा. ‘घरात अजून सांगितलेलं नाही, मी सांगेपर्यंत काही टाकायचं नाही’ एवढंच बोला. तरुण मंडळाच्या अध्यक्षाला समोर बोलावून सांगा. घरातली टीव्हीची केबल काढा. वहिनींचा, म्हणजे जवानाच्या पत्नीचा, फोन त्यांच्या बहिणीकडं किंवा जावेकडं राहू द्या. पत्रकारांनाही स्पष्ट सांगा. तालुक्याचे वार्ताहर आपल्यातलेच असतात, बहुतेक जण थांबतात. एखादा थांबत नसेल तर त्याच्या संपादकाला फोन करा, आवाज न चढवता.

घरात कळलं की जवानाचा एक फोटो निवडा आणि तोच सगळ्यांना द्या. गणवेशातला, एकट्याचा. हे तुम्ही केलं नाही तर फेसबुकवरून मुलीच्या वाढदिवसाचा फोटो उचलला जातो आणि दुसऱ्या दिवशी ती मुलगी, तिची शाळा, तिचं नाव सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. घरचा फोन नंबर कुणालाही देऊ नका. पत्रकारांना तुमचा स्वतःचा द्या. मदत मिळवून देतो म्हणून फोन करणारे भामटे बातमीवर टपलेले असतात.

घरच्यांना विचारायचं कसं

सगळ्यात अवघड काम हे आहे, आणि म्हणूनच लोक टाळतात. टाळलं की निर्णय गर्दी घेते.

पार्थिव दिल्लीहून किंवा थेट पुण्याला लोहगावला येतं. तिथून गावापर्यंत यायला वेळ लागतो, हवामान खराब असलं तर काश्मीरमधून निघायलाच दिवस जातो. तेवढा वेळ तुमच्या हातात असतो. विचारायला पुरुषांच्या घोळक्यानं जाऊ नका. वहिनींच्या बहिणीला, आईला किंवा विश्वासातल्या आशाताईंना बरोबर घ्या, खाली बसा, आणि एकच मोठा प्रश्न विचारू नका. ‘फोटो काढू द्यायचे का?’ असं विचारलं तर कुणीही ‘तुम्हीच बघा भाऊ’ म्हणतं. ती परवानगी नव्हे. वेगवेगळं विचारा.

‘वहिनी, गाडी वेशीपासून घरापर्यंत येईल तेव्हा बाहेर कॅमेरे असतील. चालेल का?’

‘घरात दर्शनाला फक्त आपली माणसं राहतील. आत कुणाचाही फोन नको, असं सांगू ना?’

‘अग्नी देताना दुरून फोटो काढू द्यायचा का?’

‘बाळाचा चेहरा दिसला तर चालेल का, का नको?’

मान हलवली तरी पुरतं. उत्तरं वहीच्या कागदावर लिहा, वेळ टाका, आणि तो कागद खिशात ठेवा. पुढं जो कुणी ‘मला खास परवानगी आहे’ म्हणत येईल त्याला तो दाखवता येतो. नंतर त्यांचं मन बदललं तर कागदही बदला.

सासरे म्हणतात सगळ्या जगानं बघू दे, सून म्हणते काही नको, असं होतं. कमी दाखवायचं म्हणणाऱ्याचं ऐकायचं, असा मी नेम केला आहे. आज न काढलेल्या फोटोवाचून कुणाचं अडत नाही, पण एकदा फोनात गेलेला फोटो परत मागता येत नाही. सासऱ्यांना बाजूला घेऊन सांगा, ‘आबा, पेटी सगळ्यांना दिसेल, गाव सगळं येईल. पोरीचा चेहरा तेवढा राहू द्या.’ माझ्यासमोर तरी कुठल्या आबांनी याला नाही म्हटलेलं नाही.

अमेरिकेनं २००९ ला डोव्हरची बंदी उठवली तेव्हा हेच ठरवलं: घरचे हो म्हणाले तर पत्रकार येतील, नाही म्हणाले तर नाही. मला ही व्यवस्था योग्य वाटते. आपल्याकडं असा विचारायचा कागद सरकारनंच एस्कॉर्टबरोबर द्यावा असं माझं मत आहे. तोवर वहीचा कागद.

पेटी उघडायची का

हे ठरवणारे तुम्ही नाही आणि गावही नाही. पेटीबरोबर आलेल्या जेसीओंना (नायब सुभेदार, सुभेदार अशा हुद्द्याच्या अधिकाऱ्यांना) बाजूला घ्या आणि विचारा, ‘साहेब, चेहरा दाखवण्यासारखा आहे का?’ ते खरं सांगतात. मी त्यांच्या जागी उभा राहिलो आहे. घरचे काय विचारतील याची धास्ती सगळ्या वाटेत असते. स्फोटात गेलेला, बर्फाखाली राहिलेला, दोन-तीन दिवस झालेले, अशा वेळी ते नको म्हणतील. मग नको. गर्दीतून ‘उघडा, बघू द्या’ अशी आरोळी येते. तेव्हा सरपंचांनी किंवा भजनी मंडळातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसानं उठून बोलावं, गणवेशातल्या माणसाला त्या वादात पडायला लावू नका.

उघडायची असेल तर घराच्या आत, दहा-पंधरा मिनिटं, आणि फोन बाहेर. दारात दोन बायका रिकामी पाटी (टोपली) घेऊन उभ्या करा. पुरुषांनी मागितलं तर वाद घालतात, बायकांनी पाटी पुढं केली की लोक गुपचूप फोन काढून टाकतात. एका गावात पाटी भरली तेव्हा शेजारणीनं घरातून धान्य मोजायचं माप आणून दुसरी रास लावली होती. आत सगळे एकमेकांना धरून रडत होते, बाहेर त्या राशीतले फोन एकसारखे वाजत होते, आणि त्या दोघी जागच्या हलल्या नाहीत. त्या घरातल्या चेहऱ्याचा एकही फोटो आजपर्यंत कुठं फिरलेला नाही.

बाहेर: दोरी, अंतर आणि काय काढायचं

अंगणापासून दहा-बारा पावलांवर दोरी बांधा. पत्रकारांना दोरीमागं एक उंच जागा करून द्या, ट्रॉली उभी केली तरी चालते. जागा दिली नाही तर ते शेजारच्या स्लॅबवर चढतात, आणि मग खाली एसटी लागल्यावर दारात होते तशी झुंबड उडते. ड्रोन नको. त्याच्या आवाजात बिगुल ऐकू येत नाही, आणि पोलिसांनी बंदी घातलेली असेल तर तो गुन्हाही ठरतो.

फोटो काढणाऱ्या पोरांना मी हे सांगतो. रस्ता काढा. पुण्याहून गाडी निघाली की शिरवळला, खंबाटकी चढून आल्यावर, प्रत्येक फाट्यावर माणसं उभी असतात. शाळेची पोरं रांगेत असतात, टपरीवाला हात जोडून असतो. इंग्लंडमध्ये लायनम हवाई तळावरून पेट्या ज्या छोट्या गावातून जायच्या त्या वूटन बॅसेटचे लोक २००७ ते २०११ दरवेळी दुकानं सोडून रस्त्याच्या कडेला उभे राहिले, आणि राणीनं त्या गावाच्या नावापुढं ‘रॉयल’ लावलं. त्या फोटोंमध्ये गाडी आणि उभी माणसं आहेत, दुसरं काही नाही. जगाला तेवढ्यात सगळं कळलं.

पेटी काढा, तिरंगा नीट बघून. केशरी पट्टी डोक्याकडं असते. खांदा देणारे काढा. सलामी काढा: ‘शोक शस्त्र’ म्हटल्यावर जवान रायफल उलटी करून मान खाली घालतात, तो फोटो कुणाचंही दुःख न ओरबाडता सगळं सांगतो. हवेत फैरी झडतात तेव्हा मुलं दचकतात, त्या वेळी कॅमेरा मुलांकडं फिरवू नका. तिरंगा चितेवर जाळायचा नसतो; अग्नी द्यायच्या आधी तो काढून, घडी करून घरच्यांच्या हातात देतात. हा क्षण वहिनींची हरकत नसेल तर जरूर काढा. हात आणि तिरंगा एवढं आलं तरी पुरे.

एस्कॉर्टमधल्या जवानांच्या छातीवरची नावं, बाहीवरच्या खुणा यांचे जवळून फोटो काढून कुठं टाकू नका. ते उद्या परत त्याच ठाण्यावर जाणार आहेत. कुठली चौकी, किती जण, कसं झालं, हे गावात कुणी सांगितलं तरी लिहू नका.

हे काढायचंच नाही: मूर्च्छा आलेली आई. बांगड्या फोडताना बायको. खरं तर तो प्रकारच बंद व्हायला हवा, पुष्कळ ग्रामपंचायतींनी तसे ठराव केले आहेत. चिता पेटल्यावरचं जवळचं काही. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हातात टेंभा देऊन त्याच्या तोंडावर लावलेला कॅमेरा. हा शेवटचा फोटो हमखास पहिल्या पानावर येतो आणि त्याला लाखो लोक लाइक देतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच दोरी.

माइक घेऊन आलेल्यांना दोन प्रश्नांची बंदी आधीच सांगा. ‘आता तुम्हाला काय वाटतंय?’ आणि मुलाला ‘मोठा होऊन बदला घेणार का?’ बापाला स्वतःहून बोलायचं असेल तर त्याला खुर्ची द्या, पाणी द्या, आणि तो काय बोलेल ते बोलू द्या. सरकारवर चिडून बोलला तरी त्याला थांबवू नका. तो हक्क त्यानं फार मोठी किंमत देऊन मिळवलेला असतो.

बॅनर आणि पुढारी

पार्थिव यायच्या आधी बॅनर येतात. फ्लेक्सवर जवान मधोमध आणि कडेनं नेत्यांचे गोल चेहरे. एकच नियम करा आणि सरपंचांकडून सगळ्या पक्षांना सारखा सांगून घ्या: बॅनरवर फक्त जवानाचा फोटो, नाव, गाव, जन्म आणि वीरमरणाची तारीख. खाली ‘समस्त ग्रामस्थ’. फ्लेक्स छापणाऱ्याला थेट फोन केला तर काम लवकर होतं. निवडणुकीचे दिवस असतील तर निवडणूक आयोगाच्या सूचनेचा आधार घ्या. प्रचारात सैनिकांचे फोटो वापरू नका, असं आयोगानं डिसेंबर २०१३ मध्ये सांगितलं आणि ९ मार्च २०१९ ला सगळ्या पक्षांना पुन्हा बजावलं. पुष्पचक्र वाहताना नेत्यांचा फोटो येणारच, त्याला हरकत नाही. पेटीसमोर वळून सेल्फी घेणाऱ्याला मात्र हाताला धरून बाजूला करा, मग तो कुणीही असो.

फिरणारे फोटो

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्यांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते. दोन-तीन दिवसांत छिन्नविच्छिन्न शरीरांचे फोटो जवानांचे म्हणून फिरू लागले. शेवटी सीआरपीएफनंच जाहीर केलं, की हे फोटो खोटे आहेत, द्वेष पसरवण्यासाठी फिरवले जातायत, पुढं पाठवू नका. त्यांना शोक आवरून हे काम करावं लागलं, याचा मला आजही संताप येतो.

असा फोटो तुमच्याकडं आला तर पाठवणाऱ्याला खासगीत फोन करा आणि ग्रुपवरून काढायला लावा. गुगलवर फोटो टाकून शोधलं तर पुष्कळदा तो दुसऱ्याच देशातला, जुना निघतो. पण समजा खरा असला, तरी उत्तर बदलत नाही. ते शरीर त्याच्या आईनं बघितलेलं नसतं. अनोळखी माणसांनी आधी बघायचं कारण नाही.

एक अपवाद, आणि तो महत्त्वाचा आहे

६ ऑक्टोबर २०१७ ला अरुणाचलात तवांगजवळ हवाई दलाचं हेलिकॉप्टर कोसळलं आणि सातजण गेले. दोन दिवसांनी निवृत्त लेफ्टनंट जनरल पनाग यांनी एक फोटो समोर आणला. त्यात ते मृतदेह प्लास्टिकच्या गोण्यांत गुंडाळून, पुठ्ठ्यात बांधून ठेवलेले होते. देशभर लोक हळहळले आणि चिडले. लष्करानं मान्य केलं की असं व्हायला नको होतं, दुर्गम जागी जे मिळालं ते वापरलं गेलं, आणि यापुढं योग्य पिशव्या आणि पेट्यांतूनच नेलं जाईल.

फौजेची बदनामी झाली असं तेव्हा आमच्यातले काही म्हणाले. मला तसं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्या फोटोत कुणाचा चेहरा नव्हता, जखम नव्हती. होती ती हेळसांड, आणि तिचा जाब विचारायचा हक्क लोकांना आहे. तो फोटो आला नसता तर कुणी हललं नसतं.

तुमच्या गावातही असं काही दिसलं, म्हणजे पेटी फुटकी आली, रुग्णवाहिका वेळेवर आली नाही, पार्थिव उन्हात तासन्‌तास थांबलं, तर फोटो काढा. दुरून काढा, चेहरा येऊ देऊ नका. वेळ आणि जागा लिहून ठेवा. घरच्यांना सांगा, पण त्या दिवशी नको. फोटो आधी स्टेशन हेडक्वार्टर (लष्कराचं स्थानिक मुख्यालय) आणि जिल्हाधिकाऱ्यांकडं लेखी तक्रारीबरोबर द्या. उत्तर आलं नाही तर वर्तमानपत्राकडं जा. ‘आमची अडचण होईल’ म्हणून अधिकारी फोटो काढून टाकायला सांगतील. घरच्यांनी सांगितलं तर काढून टाका, अधिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून काढून टाकू नका.

तेराव्यानंतर

इथपर्यंत आलं की सगळे विसरतात, पण काम शिल्लक असतं. ज्यांनी फोटो काढले त्या सगळ्यांकडून मूळ फोटो मागून घ्या. पत्रकार देतात, मागितले तर. फोटो स्टुडिओवाल्या पोरांकडूनही घ्या. एका पेन ड्राइव्हमध्ये घाला, आणि चांगले वीसेक छापून अल्बम करा. वहिनींना लगेच देऊ नका. ‘माझ्याकडं ठेवलेत, तुम्ही म्हणाल तेव्हा’ एवढं कानावर घाला. काहीजणी महिन्यात मागतात, काही मुलगा दहावीला गेल्यावर.

मुलं मोठी होऊन बापाचं नाव फोनवर टाकून शोधतात. तेव्हा काय दिसेल, हे आज तुम्ही ठरवताय. म्हणून तेराव्यानंतर एकदा स्वतः शोधून बघा. आईच्या आक्रोशाचा व्हिडिओ, वर थरारक संगीत लावलेला, कुणाच्या तरी चॅनेलवर दिसेल. त्याला फोन करा, मग लेखी कळवा, नाही ऐकलं तर यूट्यूबवर तक्रारीचं बटण असतं तिथं घरच्यांच्या नावानं तक्रार करा. लेखी कळवताना वहीच्या त्या कागदाचा फोटो जोडा. वर्षश्राद्धाच्या आधी असंच पुन्हा एकदा शोधा, कारण त्या आठवड्यात जुने व्हिडिओ परत वर येतात, आणि पत्रकारांचे फोन सुरू होतात. वहिनींना पुन्हा विचारा. गेल्या वर्षीच्या होकारावर यंदा कुणाला आत घेऊ नका.